विहिरीच्या नोंदी : फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४

४ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या सभेला २३ जण आले. विषय चार होते : गेटजवळचा बंद पथदिवा, कुत्र्यांची नसबंदी, ओल्या कचऱ्याचा खड्डा आणि मोकळ्या जागेतली विहीर. पहिले तीन वीस मिनिटांत आटोपले. विहिरीवर दीड तास गेला.

बहुतेकांचं म्हणणं, वरून स्लॅब टाका, चार गाड्या उभ्या राहतील. विहिरीत आज निर्माल्य, फुटक्या तसबिरी, गणपती-देवीच्या जुन्या मूर्ती आणि प्लास्टिकच्या पन्न्यांचा थर आहे. उन्हाळ्यात वास येतो, पावसाळ्यात डास. लोकांचा वैताग खोटा नाही.

मी विरोध केला. का केला, ते इथे लिहून ठेवते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये घराघरात पाणी शिरलं, माणसं दगावली. आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, नदीपासून लांब, तरी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. त्याच गल्लीत मे महिन्यात आम्ही टँकर बोलावतो. सप्टेंबरचं ते पाणी जमिनीत उतरवायला आमच्याकडे आता एकच जागा शिल्लक आहे आणि तिच्यावर आम्ही स्लॅब टाकायला निघालो आहोत.

अध्यक्षांनी शेवटी मतदान टाळून एक पावसाळा दिला. "मॅडम, सप्टेंबरपर्यंत दाखवा. नाही जमलं तर मग स्लॅब." मान्य केलं. आजपासून ही वही.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात वाजता मोजमाप. सुती दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या, खाली दगड बांधला. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या गाठीला लाल कापड. विहिरीचा व्यास १२ फूट. पाणी कठड्यापासून २७ फुटांवर. दोरी ३४ फुटांवर टेकली, पण टेकल्याचा आवाज दगडावर दगड आपटल्यासारखा नव्हता, गादीत रुतल्यासारखा होता.

पलीकडच्या गल्लीतल्या आजी काठी टेकत आल्या. लेआउट पडायच्या आधी हे त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. त्यांनी खोली ४२ फूट सांगितली. म्हणजे तळाशी आठ फूट कचरा. व्यास १२ फूट असला की एक फूट उंचीत साधारण ३,२०० लिटर मावतात. त्या हिशोबाने पंचवीस हजार लिटर पाण्याची जागा आम्ही निर्माल्याने भरून टाकली आहे.

कठड्याच्या दगडांवर दोराच्या खाचा आहेत, बोट आत जाईल एवढ्या खोल. पण फक्त पूर्वेकडे. आजींना विचारलं. "तिकडे गोठा होता ना बाई. जनावरांचं पाणी तिकूनच निघे. अन् मोट होती ती इकडून," असं म्हणून त्यांनी काठीने पश्चिमेकडे दाखवलं. "बैलाईची धाव पार त्या खांबापर्यंत उतरत जाये."

त्या खांबाकडे मी बराच वेळ बघत राहिले. मोटेच्या बैलांना ओढताना उतार मिळावा म्हणून विहिरीपासून खाली उतरत जाणारा रस्ता खणलेला असतो, ती धाव. लेआउट पाडताना ती मातीने बुजवली असणार, आणि वरून डांबरी रस्ता गेला. विहीर ते खांब, बरोबर एवढाच पट्टा दर पावसाळ्यात खचतो. माझ्या आठवणीत तीनदा तिथे गिट्टी-डांबर टाकून झालं. आम्ही ठेकेदाराला दोष देत होतो. खाली भरावाची काळी माती आहे, ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. ती काढून मुरूम दाबून भरल्याशिवाय वरचं डांबर टिकणार नाही. हे सविस्तर पत्रात लिहायचं.

२६ फेब्रुवारी

महापालिकेच्या झोन कार्यालयात दोन अर्ज दिले, पोच घेतली. एक रस्त्याच्या पट्ट्याचा, दुसरा विहिरीचा गाळ उपसण्याचा. पथदिवा लागला.

१७ मार्च, रविवार

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. नागपूरचं मतदान १९ एप्रिलला, निकाल ४ जूनला. तोवर नवीन काम निघणार नाही, असं झोनमध्ये सरळ सांगितलं. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण ४ जूननंतर थांबलो तर मृग लागेल, विहिरीत उतरता येणार नाही.

म्हणून वर्गणी. घरटी ५०० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांनी श्रमदान. स्लॅबच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणाऱ्या काकांनी पहिली पावती फाडली. "माझं मत बदललं नाही, पण काम होऊन राह्यलं तर पैसा देतो," म्हणाले. मला त्यांचा फार आदर वाटला.

१४ एप्रिल

सकाळी सगळे जयंतीच्या अभिवादनाला. काम नाही. संध्याकाळी पाणी मोजलं : कठड्यापासून ३० फूट.

५ मे, रविवार

उपशाचा पहिला दिवस. गाळ वर ओढायची यारी घेऊन पाच जणांची टोळी पहाटे साडेपाचला आली. पंपाने वरचं पाणी बाजूच्या मैदानात काढलं. दोरीला कंदील बांधून खाली सोडला. वीस फुटांवर ज्योत बारीक झाली, बावीसवर विझली. टोळीतले दादा तरी कमरेला दोर बांधू लागले. "थोडी हवा कमी आहे, मी करून घेतो मॅडम, आमचं रोजचं आहे."

मी उतरू दिलं नाही. थोडी वादावादी झाली. कंदील फक्त प्राणवायू कमी आहे एवढंच सांगतो. निर्माल्य कुजून तयार होणारा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू त्याला कळत नाही. तो वायू वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं आता हवा बरी झाली. विहिरीत एक पडला, त्याला काढायला दुसरा गेला, तोही गेला, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण.

आमच्याकडचे एक भाऊ हिंगणा एमआयडीसीत सुरक्षा विभागात आहेत. त्यांना फोन केला. ते तासाभरात वायू मोजायचं मीटर आणि लांब नळीचा ब्लोअर घेऊन आले. पंचवीस फुटांवर प्राणवायू १५.८ टक्के. मोकळ्या हवेत तो २०.९ असतो आणि १९.५ च्या खाली कोणी आत उतरायचं नाही असा नियम. दीड तास ब्लोअर चालवला. २०.६ झाला तेव्हा दादा उतरले. पट्टा, दोर, वर दोघं आणि मीटर त्यांच्या खांद्यापाशी लटकवलेलं.

अकराच्या सुमाराला फावडं खोल गेलं आणि मीटर किंचाळलं. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो. दादांना वर ओढलं. कठड्यावर बसून त्यांनी अर्धा तांब्या पाणी तोंडावर मारलं, अर्धं प्यायले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "हे मीटर केवढ्याचं येते?" भाऊंनी किंमत सांगितली. दादांनी मोबाईलमध्ये लिहून घेतली.

पुन्हा हवा, पुन्हा मोजणी, मगच काम. दुपारी बारा ते चार बंद, उन्हामुळे. दोन ट्रॉल्या निघाल्या.

८ मे

उपसा संपला. एकूण नऊ ट्रॉल्या. नारळ, चुनऱ्या, काचेच्या तसबिरी, ट्यूबलाइट, सायकलचं रिंग, प्लास्टरच्या मूर्ती. शाडूची माती पाण्यात विरघळते, प्लास्टर विरघळत नाही. मूर्तींचे हातपाय तुटले होते, रंग उडाले होते, पण चेहरे तसेच होते. त्या ट्रॉलीत इतर कचऱ्यात टाकायला टोळीतल्या कोणाचाही हात धजेना. बायकांनी जुन्या चादरी अंथरल्या, मूर्ती धुऊन एकेक करून ठेवल्या. सव्वाशेच्या पुढे मोजणं आम्ही सोडलं. कोणी कोणाला बोललं नाही, पण आपापल्या घरची मूर्ती ओळखणारे तिथे होते.

गाळ बागेत टाकायची मागणी आली. नको म्हटलं. मूर्तींच्या रंगात शिसं वगैरे असू शकतं, भाजीच्या वाफ्यात ते जायला नको.

तळ दिसला. वरचे पंधरा फूट दगडी बांधकाम, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ३८ फुटांवर ईशान्येला मांजऱ्या खडकाचा पट्टा आहे, बारीक छिद्रांचा. त्याच्या भेगेतून करंगळीएवढी धार येत होती. आजींना खुर्चीवर बसवून मोबाईलमध्ये व्हिडिओ दाखवला. "जित्ता आहे झरा," एवढंच बोलल्या.

१२ मे, रविवार

पाणी ३६ फुटांवर येऊन थांबलं. सहा फूट, म्हणजे १९ हजार लिटर. ब्लीचिंग पावडर नेहमीच्या मात्रेने, हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमसुद्धा लागत नाही. लोक पाच किलोचं पोतं घेऊन आले होते. बादलीत कालवून, निवळी वेगळी करून ती सोडली. लोखंडी जाळी बसवली, कुलूप लावलं. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक आजींच्या घरी. डासांसाठी पंधरा दिवसांनी गप्पी मासे सोडायचे, क्लोरीन उडाल्यावर.

२६ मे, रविवार

कालपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पाण्याचा अहवाल आला. नायट्रेट लिटरला ६२ मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. कोलिफॉर्म जंतूही सापडले, ते मुळीच असायला नकोत. ब्लीचिंग टाकूनही सापडले, म्हणजे घाण कुठून तरी अजून येते आहे.

सभेत पहिला प्रश्न : उकळून प्यायलं तर? जंतू मरतील, नायट्रेट जाणार नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना ते सगळ्यात धोक्याचं, बाटलीच्या दुधात अजिबात चालत नाही. म्हणून हे पाणी पिण्याचं नाही, असं मी ठामपणे सांगितलं. काहींची निराशा झाली. मग उपसून काय मिळवलं, असंही कोणी म्हणालं.

मिळालं ते असं : नागपूरच्या घरात मे महिन्यात पाणी जातं कुठे ते बघा. एक मोठा कूलर दिवसाला सहज चाळीस-पन्नास लिटर पितो. वर अंगणातला सडा, झाडं, गाडी, भांडी. या सगळ्यासाठी आम्ही पेंच धरणावरून आलेलं, शुद्ध केलेलं पाणी वापरतो आणि दाब कमी झाला की टुल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या तोंडचं ओढतो. टुल्लू लावणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कूलरचं पाणी विहिरीतून आलं तर नळाचा दाब आपोआप सुधारेल.

एक नळ काढला, वर पाटी लावली : "पिण्यासाठी नाही". सकाळी साडेसहा ते साडेसात, घरटी दोन ड्रम. आजच अकरा घरांनी भरले.

नायट्रेट कुठून येतं याचा अंदाज आहे. विहिरीपासून अठरा फुटांवर गडरलाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या नळाचं, चेंबर आहे. त्यात रंग टाकून पाहिला. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या दक्षिणेच्या सांध्यातून फिक्कट हिरवं पाणी पाझरलं.

२ जून, रविवार

चेंबर आतून सिमेंटने लिंपून घेतलं. ही दुरुस्ती पहिली, पावसाचं पाणी नंतर. गडर गळत असताना वरून पाऊस सोडला असता तर घाणच जास्त खोल गेली असती.

आता छतांचं काम. सभागृह आणि तीन घरं, मिळून ३,६०० चौरस फूट छत. म्हणजे सुमारे ३३४ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे मुलांना शाळेत शिकवताना मी फळ्यावर चौकोन काढून दाखवत असे. नागपूरचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं समजलं, तरी २ लाख ६७ हजार लिटर. पाच हजार लिटरचे त्रेपन्न टँकर.

रस्त्याचं पाणीही विहिरीत घ्या, अशी सूचना आली. ते मी घेऊ देणार नाही. रस्त्यावर गाड्यांचं तेल, कुत्र्यांची घाण, गडरचा ओव्हरफ्लो सगळं असतं. फक्त छताचं. छतं झाडलेली हवीत, पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, त्यासाठी प्रत्येक पाइपला खाली झाकण ठेवलं आहे.

नुसता शोषखड्डा का नाही, हेही विचारलं गेलं. आमच्याकडे वरची काळी माती एकदा भिजली की पाणी पुढे सोडतच नाही, खड्डा डबक्यासारखा भरून राहतो. विहीर ती माती ओलांडून थेट मुरूम आणि पाषाणाच्या भेगांपर्यंत पोहोचलेली आहे.

गाळणीचं टाकं ४ बाय ४ फूट, पाच फूट खोल : तळाला मोठे दगड, मग गिट्टी, वर कन्हान नदीची वाळू.

१६ जून

पाणी ३७ फूट. वापर चालू असूनही आटली नाही. पहिला पाऊस झाला, झाकणं उघडी ठेवली. बाहेर आलेलं पाणी चहासारखं होतं.

३० जून

तिसऱ्या पावसानंतर झाकणं बंद केली. आठवीतल्या दोघी मुली रोज स्टीलच्या उभ्या डब्यात पट्टी बुडवून पाऊस मोजतात. वही त्यांचीच, माझ्यापेक्षा नीट लिहितात.

२० जुलै, शनिवार

पहाटेपासून धो धो. ठिकठिकाणी रस्त्यांवर पाणी. सहाला छत्री घेऊन गेले तर टाकं तोंडापर्यंत भरलेलं आणि छताचं सगळं पाणी वरून उतू जाऊन गल्लीत. विहिरीत एक थेंब जात नव्हता. स्लॅबवाले काका लेंगा वर खोचून पाण्यात उभे होते. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "जाळी कुठे आहे सांगा, मी पानं काढतो."

गुलमोहराची पानं चाळणीवर चिकटली होती. ती काढून फरक पडला नाही. वाळूत हात घातला. वरचा दोन बोटांचा थर कणकेसारखा झाला होता. चूक माझी. वाळू आणताना मी चाळून बारीक मागवली, पाणी जास्त स्वच्छ होईल म्हणून. बारीक वाळूने छतावरची धूळ दहा मिनिटांत धरली आणि वाट बंद झाली. मिस्त्रींनी तेव्हाच जाड घ्या म्हटलं होतं. त्यांना फोन करून तसं सांगितलं.

आम्ही पाच-सहा जणांनी भर पावसात घमेल्यांनी वाळू उपसली. नुसत्या गिट्टीवर पाणी सोडलं. साडेआठला विहिरीत धार पडायला लागली. वरून पाइपचं पाणी वीस-बावीस फूट खाली पडतं, त्याचा घुमणारा आवाज पावसातही ऐकू येत होता. मुली डबा घेऊन धावत आल्या, पाऊस मोजायचा राहिला होता.

२८ जुलै

जाड वाळू, धुतलेली. वर नायलॉनची जाळी, उचलून झटकता येईल अशी. दर शनिवारी कोण झटकणार त्याची पाळी फळ्यावर लिहिली. पाणी १९ फूट.

२५ ऑगस्ट, रविवार

१२ फूट.

हे आमच्या कामामुळे, असं सगळे म्हणतात. मला तसं लिहिता येत नाही. पावसाळ्यात प्रत्येक विहिरीचं पाणी चढतं. म्हणून दोन गल्ल्या सोडून देवळाच्या आवारातली विहीरही जूनपासून मोजते आहे, तिच्यात कुठल्याच छताचं पाणी नाही. १६ जूनपासून तिचं पाणी १९ फूट चढलं, आमचं २५. सहा फूट जास्त. हे एका पावसाळ्याचं आहे, दोन्ही विहिरींचे झरे वेगळे आहेत. तरी सहा फूट मी लिहून ठेवते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजते.

गल्लीत पाणी साचलं का? साचलं, घोट्यापर्यंत. चार छतांनी गल्ली कोरडी होत नाही. आणखी नऊ घरांनी नावं दिली.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. मोठे सगळे सकाळीच महाल भागात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेले. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, हे आमच्याकडच्या लहान पोरांनाही पाठ आहे. संध्याकाळी मुलांचे लाकडी बैल सभागृहासमोर. एका मुलाने बैलाच्या मागे शिवणाच्या रिळाची मोट बांधून आणली होती, आजींनी दाखवली होती त्याला. त्याला बक्षीस.

१५ सप्टेंबर, रविवार

सभा. ३८ जण. अध्यक्षांनी स्लॅबचा विषय काढला आणि वहीत "रद्द" लिहिलं. रस्त्याच्या पट्ट्यावर झोनचे कनिष्ठ अभियंता येऊन धावेची जागा बघून गेले, पावसाळ्यानंतर खोदून मुरूम भरायचं ठरलं. अजून पत्र हातात नाही, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत मिळवायचं.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

मोकळ्या जागेत कृत्रिम टाकं, शेजारी निर्माल्याचे दोन ड्रम. या वर्षी ४१ घरांनी शाडूचा गणपती बसवला, काहींनी मूर्तिकारांच्या चितारओळीत जाऊन मुद्दाम सांगून घेतला. रात्री साडेदहाला एक कुटुंब बाहेरून स्कूटरवर आलं, सवयीने थेट विहिरीकडे. जाळी बघून थबकले. आजी अजून खुर्चीवर होत्या. त्यांनी हाताने टाकं दाखवलं आणि आरतीसाठी आपल्या ताटातला कापूर दिला.

सकाळी मोजलं होतं : ९ फूट. चेंबरची दुरुस्ती टिकली का ते बघायला पाण्याचा नमुना ६ ऑक्टोबरला द्यायचा. बाटली उकळून ठेवली आहे.